दशांशाच्या चौकटीतला स्वल्पविराम

आमच्या सोयऱ्यांमध्ये एक गोष्ट फार आवडीने सांगितली जाते. सुनेने केलेला कॉम्प्युटरचा प्रोग्राम ऐन थंडीत दगा देऊन बसला, कोणाला काही कळेना, आणि दोंडाईच्याच्या जिनिंगमध्ये उभा जन्म कापसाची वजनं लिहिण्यात घालवलेल्या एका म्हाताऱ्याने तो बिघाड बसल्याबसल्या शोधून काढला. तो म्हातारा मी. माझे रावेरचे व्याही ही गोष्ट लग्नाच्या मांडवात सांगतात, हळदीला सांगतात, एकदा तर दहाव्यालाही सांगताना मी त्यांना ऐकलं आहे. "वय पाहू नका यांचं," ते म्हणत, "बोटात जादू हाये." मी हात जोडायचो आणि पंगत कुठे बसली आहे ते पाहायला लागायचो.

त्या गोष्टीतलं एकही वाक्य खोटं नाही. पण सुरुवातीचं एक वाक्य गळलेलं आहे, आणि ते मी गाळलं. गोष्ट आता इतक्या गावांना पोचली आहे की घरोघर जाऊन ती दुरुस्त करणं या गुडघ्यांना जमायचं नाही. म्हणून मुळापासून लिहितो.

माझी सून रावेरच्या केळीत वाढलेली, आईबापांची एकुलती एक. लग्न होऊन धुळ्याला आमच्याकडे आली आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम आमच्या माडीवर बसून करू लागली. तिचे वडील, म्हणजे व्याही, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. आबांचं वय झालं तसा तिने विषय काढला. मी समोरच बसलो होतो.

"आबा, केळीचं पुढचं मी बघते."

"धुळ्यात बसून?"

"धुळ्यात बसून पुण्याचं ऑफिस चालतं, मग रावेरची बाग का नाही चालणार?"

"ऑफिसाला थंडी वाजत नही, बाई," आबा म्हणाले.

त्यांचं म्हणणं खरं होतं. केळीला थंडी सोसत नाही. पावसाळा सरताना लावलेल्या बागेला आमच्याकडे कांदेबाग म्हणतात. तिची रोपं थंडीच्या दिवसांत कोवळी असतात. पारा दहाच्या खाली गेला की त्यांच्यावर चरका पडतो. पानांवर पिवळे पट्टे येतात आणि वाढ खुंटते. त्यावर उपाय आहे. पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडायचं आणि बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर धरायचा. पण थंडी उतरते आहे हे आधी कळायला हवं. आबांना ते त्यांच्या कानाच्या पाळीवरून कळतं, असं ते स्वतः सांगतात.

शेवटी बापलेकीत करार झाला. त्या हिवाळ्यात थंडीची राखण सुनेच्या यंत्राने करायची, आबांनी कान झाकून झोपायचं. यंत्र खरं उतरलं तर पुढच्या मृगातल्या लागवडीपासून बागेतला शब्द तिचा. नाही उतरलं तर बाग आबांच्या पुतण्याने कसायची. "आणि मग तू माहेरी यायचं ते पाहुणी म्हणून," आबा म्हणाले. ते हसत म्हणाले. ती हसली नाही.

यंत्र म्हणजे बागेत खांबावर एक डबी आणि तिच्यात तापमापक. त्याचे आकडे मोबाईलच्या नेटवर्कवरून आमच्या घरच्या जुन्या लॅपटॉपवर यायचे. लॅपटॉपवर सुनेने लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट थोड्याथोड्या वेळाने आपोआप चालायची. ती आलेलं तापमान एका फाइलीत लिहायची, मग फाइलीतले ताजे आकडे परत वाचायची, आणि त्यातला एखादा दहाच्या खाली असला की आबांचा फोन वाजवायची. लॅपटॉपची राखण माझ्याकडे होती. चार्जर निघू द्यायचा नाही आणि झाकण मिटू द्यायचं नाही. सुनेने मला त्या स्क्रिप्टच्या भाषेतल्या दोनचार ओळीही शिकवल्या होत्या, आणि दोनचार ओळी येणारा माणूस किती धोक्याचा असतो ते मी पुढे सिद्ध केलं.

झालं असं की आबांनी एकदा फोनवर विचारलं, लागवडीपासून ठिबकने किती लिटर पाणी गेलं असेल. मी लॅपटॉपवर बेरीज मांडली. उत्तर आलं ते इंग्रजी पद्धतीने तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देऊन. मला लाखाची सवय. मी चष्मा वरखाली केला आणि घाईत म्हणालो, "एक मिलियन आणि वर काही हजार."

मग आबा म्हणाले, "नाना, ते बारामती साइडला चालत असेल. आमच्या रावेरात अजून लाखच हाये."

त्यानंतर आठवडाभर माझी सुटका नव्हती. "मिलियनशेठ आहेत का घरात?" अशी फोनची सुरुवात व्हायची. विहीणबाईंनीही एकदा तेच विचारलं. कापसाच्या गाठींचे लाख मी झोपेतही बरोबर लिहिले आहेत; माझ्याच घरातल्या यंत्राने मला लाख विसरायला लावावं हे काही मला पचलं नाही. मी लॅपटॉपच्या सेटिंगात शिरलो. आकडे कसे दाखवायचे ते ठरवण्याची एक खिडकी असते. तिच्यात लाखाप्रमाणे स्वल्पविराम पडणारा नमुना सापडला, तो निवडला. तिथेच थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण त्याच खिडकीत खुणांच्या दोन चौकटी होत्या. वरच्या चौकटीत टिंब होतं, जरा खालच्या चौकटीत स्वल्पविराम. आमच्या जिनिंगच्या हिशोबात आधी क्विंटल, मग किलो. मोठं आधी, बारीक नंतर. म्हणून वरची चौकट लाख-हजाराच्या खुणेची असणार, हे मी चौकटीचं नाव न वाचताच ठरवून टाकलं. तिच्यात टिंब पाहून मला वाटलं, हाच तो घोटाळा. मी दोन्ही खुणांची अदलाबदल केली आणि खिडकी बंद केली. वरची चौकट दशांशाची होती.

आमची मंडळी दारातून पाहत होती. ती साक्रीकडची, घरात अहिराणीच बोलते. "काय चाली राह्यनं?" तिने विचारलं.

"दुरुस्ती."

"तुमना हात लागना म्हणजे बठ्ठं बिघडस," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. चाळीसेक वर्षांच्या संसारात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचा आता कानात शिरून काही उपयोग होत नाही.

पुढच्या आठवड्यात थंडी उतरली. सकाळी चहाच्या वेळी आबांचा फोन आला, आणि त्यांनी मिलियनशेठ म्हटलं नाही तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट झालं आहे.

"नाना, यंत्र झोपलं का तुमचं? बागेत दव गोठायच्या बेतात आलं. मला जाग आली होती, कान बी बोलला. पण पोरीला शब्द दिला होता म्हणून पडून राहिलो."

चरका पडला. सगळी बाग गेली नाही, पण नदीकडच्या कोवळ्या ओळी पिवळ्या झाल्या, आणि गावात ते सगळ्यांनी पाहिलं.

सुनेने त्या दिवशी रजा टाकली आणि बिघाड शोधायला बसली. आधी तिने रावेरला चुलतभावाला, म्हणजे आबांच्या त्या पुतण्यालाच, डबी पाहायला पाठवलं. डबीत गांधीलमाशीचं घर निघालं, पण तापमापक नीट होता. मग नेटवर्क तपासलं. आकडे वेळेवर आले होते. फोन वाजवायचा भाग वेगळा चालवून पाहिला, तर आबांचा फोन लगेच वाजला आणि ते म्हणाले, "आता काय उपयोग, ऊन पडलं."

मग तिने तीच स्क्रिप्ट, तेच आकडे स्वतःच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर चालवले. तिथे सगळं बरोबर. आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप समोरासमोर, दोघांना एकच काम, आणि एक म्हणतोय साडेसात, दुसरा म्हणतोय पंचाहत्तर.

"पंचाहत्तर अंशावर केळी उकडतात, नाना," ती म्हणाली. "याला काही वाटत नाही का?"

"यंत्राला काय वाटणार," मी म्हणालो.

"मोठ्या कामाचं राहू दे. एकच आकडा याला लिहायला सांगते, आणि तोच परत वाचायला सांगते." तिने साडेआठ दिला. मला म्हणाली, "काय येतं ते बघा, मी कॉल घेऊन आले." आणि माडीवर गेली.

मी पाहिलं. यंत्राने लिहिलं होतं आठ, स्वल्पविराम, पाच. आणि वाचलं होतं पंचाऐंशी.

लिहिताना ती भाषा लॅपटॉपचं सेटिंग पाळत होती, आणि सेटिंगात दशांशाची खूण मी स्वल्पविराम करून ठेवली होती. वाचताना मात्र ती सेटिंगला विचारत नव्हती. तिच्या लेखी स्वल्पविराम म्हणजे हजार-लाखाची खूण, वाचताना सोडून द्यायची. म्हणून साडेआठाचे पंचाऐंशी आणि साडेसाताचे पंचाहत्तर. दहाच्या खाली काही जाणारच नव्हतं. रावेरात पारा दीडवर उतरला असता तरी यंत्राने पंधराच वाचले असते.

आणि मग मी जे केलं ते असं. माडीवरून तिच्या बोलण्याचा आवाज येत होता. मी सेटिंगची खिडकी उघडली, दोन्ही खुणा जागच्या जागी ठेवल्या, खिडकी मिटली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. साडेआठ. मग जिन्याशी जाऊन हाक मारली, "सापडलं."

ती धावत खाली आली. "काय होतं?"

"आकड्यांच्या सेटिंगमध्ये घोळ होता. टिंबाच्या जागी स्वल्पविराम."

तिने माझ्याकडे पाहिलं, लॅपटॉपकडे पाहिलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. पण माझा प्रोग्राम कच्चाच म्हणायचा. कोणत्याही लॅपटॉपवर, कसंही सेटिंग असलं तरी त्याने एकाच रीतीने लिहायला आणि वाचायला हवं होतं." आणि तिथल्या तिथे तिने तो तसा करून टाकला. लिहिताना लॅपटॉपला विचारायचंच नाही, टिंब म्हणजे टिंब.

तिने मला आयतं दार उघडून दिलं, आणि मी त्यातून निघून गेलो. आबांना फोन गेला, त्यात ती एवढंच म्हणाली, "माझ्या प्रोग्राममध्ये कमी राहिली होती, नानांनी शोधली." मी शेजारी बसून पाणी प्यालो.

उरलेला हिवाळा यंत्राने एकही पहाट चुकवली नाही. पण करार मोडला तो मोडलाच. मृगाची लागवड पुतण्याने केली. सून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दिवाळीला माहेरी गेली ती पाहुणी म्हणून. आबांनी मात्र माझी ख्याती जिल्हाभर केली. नातेवाईक माझ्याकडे बंद पडलेले मोबाईल घेऊन येऊ लागले. एकाने तर मिक्सर आणला.

पुढच्या उन्हाळ्यात अमळनेरला एका लग्नात आम्ही सगळे एका पंगतीत होतो. आबांनी गोष्ट सुरू केली. या खेपेला शेवटी एक भर होती. "पोरीला म्हटलं, तू आपलं पुणं सांभाळ. केळी तुझं काम नही. आता येत्या आखाजीला बाग पुतण्याकडे कायमचीच लावून देतो." पंगत हसली. सूनही हसली, आणि मग तिने ताटातल्या बट्टीचे इतके बारीक तुकडे केले की त्यांचा चुरमा झाला.

आखाजीला आमच्या खानदेशात लेकी माहेरी येतात आणि शेतीची वर्षाची बोलणीही त्याच सणाला ठरतात. तिला न्यायला दर वर्षी तो चुलतभाऊच येतो. या वर्षी मी म्हणालो, मी पोचवतो. मंडळींनी विचारलं, "तुमनं तठे काय काम शे?" मी म्हणालो, आहे.

जळगावला गाडी बदलून रावेरच्या एसटीत बसलो. मी मनाशी वाक्यं जुळवत होतो. भुसावळ गेल्यावर सून म्हणाली, "नाना, ओठ हलतायत तुमचे."

"मला आबांशी थोडं बोलायचंय."

"स्वल्पविरामाचं?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर फक्त वीटभट्टी होती, ती मी फार लक्षपूर्वक पाहिली.

"त्या लॅपटॉपला तुमच्याशिवाय हात कोण लावतं?" ती म्हणाली. "आणि ठिबकच्या बेरजेत लाखाचे स्वल्पविराम अचानक कसे आले, तेही मी पाहिलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"सासऱ्याला पुढे करून माहेरची बाग मिळवू? तुम्हीच सांगा, कसं दिसलं असतं ते. शिवाय प्रोग्राम कच्चा होता हेही खोटं नव्हतं." थोडं थांबून म्हणाली, "पण तुम्ही बोलाल असं मला वाटलं होतं. पहिले काही दिवस."

सावदा येईपर्यंत मी माझी वाक्यं पुन्हा पहिल्यापासून जुळवली.

आबा ओट्यावर बसले होते. पुतण्या होता, विहीणबाई दाराशी. पाणी आलं, आणि चहा यायच्या आत मी सांगून टाकलं, कारण चहा घेतल्यावर माझी हिंमत राहत नाही. मिलियनची थट्टा, ती खिडकी, दोन चौकटी, साडेआठाचे पंचाऐंशी, आणि ती माडीवर असताना गुपचूप परत फिरवलेल्या खुणा. पुतण्याला टिंब आणि स्वल्पविरामाचं समजेना, म्हणून ओट्याच्या धुळीत बोटाने लिहून दाखवलं.

आबा धुळीतल्या आकड्याकडे पाहत राहिले. "म्हणजे वर्षभर मी मांडवोमांडवी चोराचीच आरती करत फिरलो."

"हो."

"आणि तुम्ही पंगतीत बसून ऐकत होते."

"जेवत होते," विहीणबाई दारातून म्हणाल्या. "दोनदा वाढून घेत होते."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. लेकीकडे वळले तेव्हा आवाज बदलला होता. "तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि मी चारचौघांत तुला बोलत होतो तरी गप्प बसली."

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली, परत घातली.

"काका, माझं काय मग?" पुतण्याने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. वर्षभर तो राबला होता.

"तू लावलेली बाग कापणी होईपर्यंत तुझी. तिच्यात कोणी बोलायचं नही." मग आबा लेकीला म्हणाले, "परीक्षा झालीच नही असं धरू. मास्तरानेच पेपर फाडला. येत्या हिवाळ्यात परत घेऊ. विहिरीवरचा तुकडा मोकळा हाये, मग त्याचं ठरवू."

"परीक्षा नको," ती म्हणाली.

"मग?"

"तुकडा द्यायचा असेल तर आज द्या, आबा. पुढच्या हिवाळ्यात चरका पडला तर माझ्या बागेवर पडेल, आणि पाणी सोडायला मीच येईन. नाहीतर राहू द्या. पाहुणी म्हणून येते आहेच."

चहा आला तो कोणी उचलला नाही. मला बोलायचा फार मोह झाला, पण मी बोललो की काय होतं हे नुकतंच सांगून झालं होतं.

"ओळी कशा धरशील?" आबांनी शेवटी विचारलं.

"उत्तर-दक्षिण. आणि वाऱ्याच्या अंगाला, तो अडवायला, शेवरीची झाडं दाट लावायची."

"शेवरीने जागा जाते. आम्ही कधी नही लावली तिकडे."

"तुकडा माझा का तुमचा?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मीच शिकवून आणलं आहे. मी कपातला चहा ढवळला. मग ते पुतण्याला म्हणाले, "सकाळी ओळी आखायला सुतळी आणि खुंट्या काढून ठेव."

आखाजीच्या सकाळी गल्लीतल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. आमची विहिरीवर होती. सुतळीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं लांब बांधावर आबांच्या. पुतण्या मधे उभा राहून खुंट्या ठोकत होता. मला त्यांनी कशालाही हात लावू दिला नाही. विहिरीच्या काठावर बसायला पोतं दिलं. तिने एक डोळा मिटून ओळ पाहिली.

"आबा, तुमच्याकडून ढिली आहे."

"बरोबर हाये ती."

"ढिली आहे."

आबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग दोन पावलं मागे सरकून सुतळी ताणली.